द्वारपालांचे कपडे

२७ फेब्रुवारी, मंगळवार

तालुक्याच्या वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी संगणकाचा वर्ग सुरू झाला. आम्ही नऊजण. चौघं पेंगत होते, दोघं एकमेकांच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते, म्हणजे शिकायला उरलो तिघंच.

शिकवणाऱ्या ज्यान बाई वाचनालयाच्याच, चाळिशीच्या, आवाज गोड. म्हणाल्या, इंटरनेटवर एक विश्वकोश आहे, त्यात कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं दुरुस्त करावं.

"कुणीही? कालवं विकणारी आ-लानपण?"

"तीपण, मावशी."

"मग त्याला विश्वकोश कशाला म्हणता? बाजार म्हणा."

प्रत्येकाने आपल्या गावातली एक कलेची गोष्ट निवडायची होती. मी आमचं औषधदेवाचं देऊळ घेतलं. त्याच्यावर आधीच एक लेख निघाला. दोन ओळींचा. 'देऊळ जुने आहे. मुख्य दारावर द्वारपालांची चित्रे आहेत.' झालं! आठ महिने आमचे हे त्या दारापायी जेवायचे विसरले, आणि जगाला सांगायचं ते एवढंच.

टोपणनाव घ्यावं लागतं. मी 'रताळ्याचा पाला' घेतलं. बाई हसल्या. म्हटलं, हसू नका, कितीही खुडा, परत उगवतो.

५ मार्च, मंगळवार

लेख वाढवला. मी, सहावी पास! आपण काय लिहिलं ते इथे नीट मांडून ठेवते, कारण तिथे ते वीस मिनिटंसुद्धा टिकलं नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी देवळाचं रंगकाम दोन चित्रकारांना वाटून दिलं होतं. आमच्याकडे रीतच तशी. अर्धं देऊळ एकाचं, अर्धं दुसऱ्याचं, मधे कापडाचा पडदा, आणि शेवटी गाव ठरवणार कोण सरस. ड्रॅगनची बाजू आमच्या ह्यांची, वाघाची बाजू होंग वान-फूची. मधल्या मोठ्या दाराच्या फळ्यासुद्धा वाटलेल्या. गोरा द्वारपाल ह्यांचा, काळा होंगचा. फळ्या आपापल्या घरी नेऊन रंगवायच्या आणि देवाच्या वाढदिवसाला एकदम उघड्या करायच्या. केल्या. जिंकणाऱ्याचं लाल कापड आमच्या बाजूला बांधलं गेलं. जिंकलो. म्हणजे हे जिंकले.

मी लिहिलं, 'श्याव तिंग-मो हे बेटावरचे सर्वांत थोर चित्रकार होते. गोऱ्या द्वारपालासारखा द्वारपाल कुठेच नाही. त्या मानाने काळा बरा आहे.'

वीस मिनिटांत कुणी तरी 'कोरडा ब्रश' नावाच्या माणसाने सगळं पुसलं. खाली लिहून गेला, 'संदर्भ नाही. स्तुती नको, माहिती हवी.'

"हा कोण आगाऊ?" मी विचारलं.

"माहीत नाही, मावशी. तैपेईचा असेल. इथे सगळे अनोळखीच असतात."

"त्याने दार बघितलंय का?"

"बघायची गरज नाही. कुठे छापलंय ते तुम्ही दाखवायचं."

"मी रोज बघते ते खरं नाही, आणि छापलेलं खरं?"

बाईंनी चहा पुढे केला. उत्तर नसलं की त्या चहा देतात.

१२ मार्च, मंगळवार

आता मी शहाणी झाले. देवळाच्या जुन्या पुस्तिका आणल्या, वर्तमानपत्राचं कात्रण आणलं, एकेका वाक्याखाली संदर्भ टाकला. 'थोर' काढलं. 'श्यावसाहेब' नाही, नुसतं 'श्याव' लिहायचं असतं. आयुष्यात कधी नाव घेतलं नाही आणि आज बावीस वेळा टाइप केलं. गंमत वाटली. बाविसाव्या वेळी तर हे शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचे असंच वाटलं.

कोरड्या ब्रशने ह्या वेळी फार पुसलं नाही. लेखामागे बोलायला एक चर्चापान असतं, तिथे मात्र खोडी काढली: 'रताळ्याचा पाला, चांगलं काम. पण तुम्ही गोऱ्याच्या झग्यावर आणि चिलखतावर अकरा ओळी लिहिल्यात, चेहऱ्यावर एकही नाही. असं का?'

मी लिहिलं, 'चेहरा सगळ्यांना असतो.'

आता खरं तर चेहरा ह्यांनी काढला होता, झकास काढला होता. पण नुसता चेहरा बघायला कोण थांबतं? लोक थांबतात ते चिलखतापाशी. कोनात पिठाचा लगदा भरून पिळत पिळत उठावाची रेघ काढायची, ती वाळली की तिच्यावर सोन्याचा वर्ख. एकेक खवला तांदळाच्या दाण्याएवढा. दोन हजार तीनशे खवले.

ते मी भरायची. ते काही चित्र काढणं नव्हे. चेहरा आणि हात झाले की केवढी जागा उरायची, ती कुणीतरी भरायला हवी ना. हे म्हणायचे, "तू कर, तुझी बोटं बारीक आहेत." मागच्या पडवीत, दार लावून.

हे कुणाला सांगायचं मात्र नाही. बाईचा हात लागलेला द्वारपाल देवळाच्या समितीने त्याच दिवशी खरवडून काढला असता, आणि लाल कापड गेलं असतं होंगकडे. जाताना ह्यांना बोलवत नव्हतं, तरी बोट ओठावर ठेवून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

१८ मार्च

देवळापुढच्या वडाखाली होंगभाऊजी बुद्धिबळ खेळत होते. ऐंशीचे झाले, कानाने कमी, पण हरायला लागले की सगळं ऐकू येतं. मी ओरडून सांगितलं, "भाऊजी, तुम्हाला विश्वकोशात घातलंय!"

"कशात?"

"विश्वकोशात! हरलात असं लिहिलंय!"

"ते गावाला माहीतच होतं, वहिनी. आता जगाला सांगा."

"सांगितलं! संदर्भासकट!"

ते हसले. चिडत नाहीत हाच त्यांच्यातला दोष. त्यांची बायको बोंग-यो चिडायची. नऊ वर्षं झाली तिला जाऊन. पडदा निघाला त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. बाजारात मी दिसले की मुळे खाली ठेवून निघून जायची. हरलेल्याच्या बायकोचा एवढा तोरा! मीही मग त्या काळ्या द्वारपालाकडे कधी मान वळवून बघितलं नाही. येताना जाताना गोऱ्यालाच नमस्कार.

२६ मार्च, मंगळवार

आज भांडून आले.

कोरड्या ब्रशने लेखात एक वाक्य घातलं. राजधानीतल्या कुणा प्राध्यापिकेने देवळांच्या रंगकामावर जाडजूड पुस्तक लिहिलंय, त्यातलं. 'मधल्या दाराच्या डाव्या फळीवर चेहरा एका हाताचा आणि चिलखत दुसऱ्या हाताचे दिसते. हा दुसरा हात अधिक कसबी आहे.'

अठ्ठेचाळीस वर्षांत कुणाला कळलं नाही, ते ह्या बाईला भिंगातून कळलं!

मी वाक्य पुसलं. त्याने परत घातलं. मी पुसलं आणि लिहिलं, 'साफ खोटं.' त्याने परत घातलं. मी पुसलं आणि लिहिलं, 'श्याव सगळं काम स्वतः करत, एकटे.' त्याने परत घातलं. चौथ्यांदा पुसलं, आणि पडद्यावर लाल चौकट आली. एका दिवसात तीनच वेळा चालतं म्हणे. मला चोवीस तासांची बंदी.

"मावशी, असं भांडत नाहीत," ज्यान बाई हळूच म्हणाल्या. "वाक्य पटत नसेल तर कारण लिहायचं."

"कारण आहे ना. ते वाक्य वाईट आहे."

"वाईट की खोटं?"

मी पिशवी उचलली आणि निघाले. बाजारात मात्र सगळ्यांना सांगितलं की मला विश्वकोशाने बंदी घातली. आ-लानने मान देऊन दोन कालवं जास्त टाकली.

४ एप्रिल

थडगी साफ करायचा दिवस. मुलगा-सून सकाळीच आली, गवत काढून, फळं ठेवून अकराला परत गेली. मी मागे राहिले. ह्यांना सांगितलं, "काळजी करू नका, मी पुसतेय." मग वाटलं, नक्की काय पुसतेय मी? तर ह्यांचं नाव राखतेय. दुसरं काय.

त्या बाईचं 'अधिक कसबी' मात्र डोक्यातून जात नाही. भाजी चिरताना आठवतं. मुद्दाम आठवत नाही मी.

९ एप्रिल, मंगळवार

चर्चापानावर कोरड्या ब्रशचा निरोप होता. उतरवून घेते.

'रताळ्याचा पाला, तुम्ही चार वेळा श्याव यांच्या बचावासाठी वाक्य काढलंत. पण पुस्तकात त्या वाक्याशेजारी फोटो आहे. तो काळ्या द्वारपालाचा आहे. म्हणजे दुसरा हात होंग यांच्या फळीवर आहे, श्याव यांच्या नव्हे. मग तुम्हाला का लागलं? तुमचा श्याव यांच्याशी काही जवळचा संबंध असेल तर इथे सांगावा लागतो. सांगितलंत तर काही बिघडत नाही, लपवलंत तर बिघडतं.'

तीनदा वाचलं. मग कळलं.

आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, देवळातलं डावं ते देवाचं डावं. देव आत बसतो, बाहेर बघतो, त्याच्या डाव्या हाताला ड्रॅगन, म्हणजे आपला गोरा. पण प्राध्यापिका बाई कॅमेरा घेऊन बाहेर उभ्या राहिल्या आणि स्वतःचं डावं लिहून गेल्या! तिच्या डाव्या हाताला काळा.

कुणी मला काही म्हटलंच नव्हतं. मीच चारदा उठून ओरडले, मी नाही, मी नाही.

हसू आलं खरं तर. वर्गात एकटीच खुदखुदत बसले. मग एकदम थांबले. म्हणजे काळ्यावरपण दुसरा हात आहे?

१० एप्रिल

सकाळी देवळात गेले. उदबत्ती लावली आणि पहिल्यांदा वाघाच्या बाजूला वळले. काळ्याचं चिलखत. चष्मा पुसून नाकाजवळ गेले. पुजारी म्हणाला, "आजी, चाटताय का त्याला?" म्हटलं, "गोड आहे का बघते."

खवले नव्हतेच. साखळ्या होत्या. कडीत कडी, कडीत कडी, आणि कोनाची रेघ कुठेही तुटलेली नाही. खांद्यावर जिथे वळण आहे तिथे कड्या बारीक बारीक होत गेल्यात. ते वळण मला जमलं नव्हतं. मी तिथे झग्याची घडी आणून झाकलं होतं.

बाहेर वडाखाली आले. भाऊजी एकटेच सोंगट्या मांडत होते.

"भाऊजी, काळ्याचं चिलखत कोणी रंगवलं?"

"कोणी म्हणजे? मी."

"तुमच्या हातात कोन दिला की नुसता लगद्याचा गोळा पडायचा. आमचे हे सांगायचे."

"तिंग-मो काहीही सांगायचा."

"ऐकू येतंय ना आज सगळं? मग सांगा."

त्यांनी घोडा उचलला, ठेवला, परत उचलला. "बोंग-योने," म्हणाले. "गोठ्यात. बाहेर मी पहारा द्यायचो, म्हशीशी बोलत. वहिनी, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात छापून आलंय."

"मेलो."

"अठ्ठेचाळीस वर्षं झाली. आता कोण खरवडतंय?"

त्यांनी घोडा पटावर ठेवला. मग म्हणाले, "आणि गोऱ्याचं?"

"गोऱ्याचं काय?"

"पडदा काढला त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना चहा देत होता. तुमच्या नखांत वर्ख होता. मला नाही दिसलं, बोंग-योला दिसलं. घरी आली आणि म्हणाली, आपण तिंग-मोशी नाही हरलो. मी त्या बाईशी हरले."

मी माझ्या नखांकडे बघितलं. "म्हणून बोलत नव्हती?"

"बोलायला तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर आलं असतं. मग तुमचं कापड गेलं असतं आणि आमचा काळा. ती म्हणायची, लांबून जाते तेच बरं."

आणि मी तिला तोरेबाज म्हणत होते. मुळे ठेवून निघून जायची ते.

११ एप्रिल

बोंग-यो म्हणजे 'वाढवा झालं कशीतरी'. चौथी मुलगी झाली की असलं नाव ठेवायचे पूर्वी. तिने मागे काय ठेवलं? आमच्यात बायकांचं आडनाव माहेरचंच राहतं, मुलं भाऊजींच्या आडनावाची. घर भाऊजींच्या नावाचं. आणि एक चिलखत, ते पण भाऊजींच्या नावाचं.

मी बोलले तर ती दिसेल. पण मी बोलले तर ह्यांचं बोट? ते ओठावरचं?

मी ह्यांच्यावर रागावलेली नाही. भीती होती तेव्हा, खरी होती. पण त्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. ते माझं मीच वाढवलं.

१६ एप्रिल, मंगळवार

चर्चापानावर लिहिलं. ज्यान बाई मागे उभ्या होत्या, एक शब्द सुचवला नाही.

'मी श्याव यांची बायको. माझं नाव ख युए-ग्वे. मी वाक्य पुसत होते कारण मला वाटलं ते माझ्याबद्दल आहे. गोऱ्याचे कपडे मी रंगवले. काळ्याचे होंग यांच्या बायकोने, शी बोंग-यो यांनी. पुसल्याबद्दल माफी. वाक्य राहू द्या, फक्त डावं कुणाचं ते लिहा.'

पाठवा दाबलं आणि बाईंना म्हटलं, "आता चहा द्या."

अर्ध्या तासात उत्तर आलं. 'ख बाई, मनापासून आभार. संबंध जाहीर केल्यामुळे आता तुम्ही लेखात थेट बदल करू नयेत, इथे सुचवावेत. आणि तुम्ही सांगितलेलं मला खरं वाटतं, तरी लेखात घालता येणार नाही. छापील संदर्भ लागेल.'

बघा! अठ्ठेचाळीस वर्षं लपवलं ते कुणी विचारलं नाही, आणि सांगितलं तर म्हणे पुरावा आणा. मी इतकी हसले की पेंगणारे चौघं जागे झाले.

ज्यान बाई म्हणाल्या, "मावशी, आपलं वाचनालय दर वर्षी गावच्या आठवणींचं पुस्तक काढतं. मुलाखत द्याल?"

"एकटी नाही देणार. भाऊजी पण. आणि समितीचा माणूस समोर बसून ऐकणार."

२३ एप्रिल

देवाचा वाढदिवस. समितीचे अध्यक्ष, जुन्या अध्यक्षांचा मुलगा, साठीचा, त्याला देवळाच्या ओट्यावरच गाठलं. लाल कापड घडी करून नेलं होतं. सगळं सांगितलं. भाऊजी शेजारी उभे, घाबरून मुद्दाम बहिरे झालेले.

"हे परत घ्या," मी म्हटलं. "नियम मोडून मिळवलेलं आहे."

त्याने दाराकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "मावशी, माझ्या वडिलांनी हे कोणाला बांधलं होतं?"

"ड्रॅगनच्या बाजूला."

"तुम्ही कोणत्या बाजूला होता?"

"ड्रॅगनच्या."

"मग परत कशाला? आणि खरवडायची भीती घालू नका हं कोणाला, आता दार सरकारी यादीत आहे. मी बोट जरी लावलं तरी तेच मला खरवडतील."

भाऊजींना हे बरोब्बर ऐकू आलं. म्हणाले, "म्हणजे बोंग-योचं नाव सांगितलं तर चालेल?"

"चालेल, काका."

ते खाली बसले. तिथेच, पायरीवर. मी तोंड दुसरीकडे केलं आणि शेवया वाढणाऱ्यांशी भांडायला गेले, म्हटलं आमच्या वाटीत अंडं का नाही.

२१ मे, मंगळवार

मुलाखती झाल्या. भाऊजींनी दोन तास घेतले, त्यातला एक तास म्हशीवर. ज्यान बाईंनी मला विचारलं, तुम्ही कुणाकडे शिकलात? म्हटलं, शिकले नाही, भरलं. त्या म्हणाल्या, दोन हजार तीनशे खवले? मी म्हटलं, हो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. कशाला ते कळलं नाही.

२ जुलै, मंगळवार

पुस्तक छापून आलं. ज्यान बाईंनी चर्चापानावर कळवलं आणि दुपारपर्यंत कोरड्या ब्रशने लेख दुरुस्त केला.

'गोऱ्या द्वारपालाचा चेहरा श्याव तिंग-मो यांनी व वस्त्रे आणि चिलखत ख युए-ग्वे यांनी रंगवले. काळ्या द्वारपालाचा चेहरा होंग वान-फू यांनी व चिलखत शी बोंग-यो यांनी रंगवले.' खाली संदर्भ, पान नंबरसकट.

बायको नाही, वहिनी नाही, आई नाही. नुसतं नाव, एखाद्या परक्या माणसासारखं. मी ते पडद्यावर बोट ठेवून वाचलं. बाई म्हणाल्या, मावशी, बोटाने डाग पडतो. म्हटलं, पडू दे.

मग चर्चापानावर सूचना केली: 'काळ्याचे चिलखत दोन्हींत अधिक चांगले आहे, असे घाला.'

उत्तर आलं, 'ख बाई, हे मत आहे. संदर्भ?'

'मी स्वतः.'

'चालत नाही, तुम्हाला माहीत आहे :)'

माहीत आहे. तिथे चालत नाही. ही वही माझी आहे, इथे पुसायला कुणी येत नाही, म्हणून इथे लिहिते. बोंग-यो, तू हरली नव्हतीस. तुझं चिलखत माझ्यापेक्षा चांगलं आहे.

थोडंसंच. खांद्यापाशी.